प्रति: कॅमेऱ्याशिवाय गुरूचे डाग मोजणार कसे?
कॅमेरा नसेल तर सहा इंची दुर्बिणीतून गुरूचे डाग नुसते बघायचे, हे वरचं मत पटलं नाही. घड्याळ पुरतं की! डाग बिंबाच्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर आला ती वेळ टिपायची, वेळेवरून डागाचा गुरूवरचा रेखांश काढता येतो. गुरू मिनिटाला साधारण ०.६ अंश फिरतो, म्हणजे तीन मिनिटं चुकली तरी रेखांशात फरक दोन अंशांच्या आतच. मोठ्या लाल डागाची फेरी सुमारे ९ तास ५६ मिनिटांची, म्हणून तो आज रात्री ९ ला मधोमध असेल तर परवा १०:३८ च्या सुमारास पुन्हा तिथे. उद्या रात्री मात्र थेट मध्यरात्रीनंतर पावणेतीनला. विषुववृत्ताजवळचे डाग ९ तास ५० मिनिटांतच फेरी संपवतात, त्यांची नोंद वेगळी ठेवा.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकाठच्या दिव्यांचा गुरूला काही त्रास नाही. त्रास गच्चीच्या तापलेल्या स्लॅबचा, बिंब नुसतं थरथरतं. दुर्बीण मातीच्या अंगणात मांडून बघा.