अमेरिकेत ग्रेनेड लाँचर मिळतो, म्हणून सोलापुरातही मिळावा काय?

होटगी रस्ता

'गड्डा मैदान' यांनी काल येथे लिहिले की अमेरिकेत कोणीही माणूस दुकानात जाऊन ग्रेनेड लाँचर (स्फोटक गोळे दूर फेकणारी बंदूक) विकत आणतो. त्यांचे म्हणणे असे की आपल्याला मात्र इंग्रजांनी 1878 साली निःशस्त्र केले आणि स्वतंत्र भारताने तोच कायदा नाव बदलून चालू ठेवला, तेव्हा गुन्ह्याची नोंद नसलेल्या नागरिकाला हवे ते शस्त्र बाळगण्याची मुभा मिळालीच पाहिजे. त्यावर इतक्यांनी माना डोलावल्या की गप्प बसणे मला जमले नाही.

अमेरिकेत हे शस्त्र नागरिकाला मिळू शकते, हे खरे आहे. पण 'कोणीही' आणि 'दुकानात जाऊन' हे दोन्ही खोटे आहे. तेथील 1934 च्या कायद्याने मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुकांवर नोंदणी व 200 डॉलरचा कर बसवला. त्या काळी टॉमी गन या मशीनगनची किंमतच जवळपास तेवढी होती, म्हणजे हा कर लोकांनी ती घेऊच नये यासाठी होता. पुढे 1968 मध्ये त्याच चौकटीत 'विध्वंसक साधने' हा वर्ग आला: शिकारीच्या बंदुका वगळून अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या नळीचे शस्त्र, तसेच बॉम्ब आणि ग्रेनेड. 40 मिलिमीटरचा लाँचर या वर्गात येतो. घेणाऱ्याला बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावे लागते, केंद्रीय खात्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागते, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात एवढे करूनही तो सामान्य माणसाला मिळत नाही. शिवाय प्रत्येक स्फोटक गोळा कायद्याने स्वतंत्र विध्वंसक साधन असतो. प्रत्येक गोळ्यामागे पुन्हा अर्ज आणि पुन्हा 200 डॉलर. म्हणून तेथील हौशी मालक बहुतेक वेळा खडूची भुकटी भरलेले सरावाचे गोळे उडवतात. ज्या चित्रफिती पाहून आपले लोक भारावतात, त्यांतला बराच माल तर 37 मिलिमीटरचा, धुराचे आणि प्रकाशाचे बार सोडणारा असतो.

आता आपल्याकडचे पाहू. 1959 च्या शस्त्र अधिनियमात प्रतिबंधित दारूगोळ्याच्या व्याख्येतच रॉकेट, बॉम्ब, ग्रेनेड, शेल ही नावे घातलेली आहेत. कलम 7 प्रमाणे केंद्र सरकारच्या विशेष अधिकारपत्राशिवाय तो जवळ ठेवता येत नाही, बनवता येत नाही आणि विकताही येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर नुसता जवळ बाळगल्याबद्दल किमान 7 आणि कमाल 14 वर्षांची शिक्षा आहे. शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी बंदुकीचा परवाना देतात, पण याचा परवाना त्यांच्यापैकी कोणाच्याच हातात नाही. माझ्या मते हे असेच असायला हवे, आणि इंग्रजांचे नाव घेऊन त्याला दोष देणे चुकीचे आहे.

गड्डा मैदान

आपण माझ्या एका वाक्यातले दोन शब्द पकडले आणि मूळ मुद्दा बाजूला सारला. अमेरिकेत नागरिकासाठी नवी मशीनगन 1986 पासून बंद आहे, पण नवा ग्रेनेड लाँचर आजही नोंदणी करून घेता येतो, हे आपण का सांगितले नाही? 1934 साली जो कर डोईजड होता, तो लाँचरसाठी आज 200 डॉलरच आहे. महागाईने त्याची धार केव्हाच गेली. म्हणजे तेथील सरकार नागरिकाला म्हणते, नाव नोंदव, ठसे दे आणि घेऊन जा. आपले सरकार म्हणते, तू विचारूच नकोस. या दोन वृत्तींतला फरक मला मांडायचा होता.

इतिहासाबद्दल म्हणाल, तर 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नागरिकांच्या मूलभूत हक्कांमध्ये नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि त्या अधिवेशनाचे अध्यक्ष वल्लभभाई पटेल होते. संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी हीच मागणी दुरुस्ती म्हणून मांडली, आणि ती मान्य झाली नाही. ज्यांनी इंग्रजांच्या शस्त्रबंदीला अन्याय म्हटले, त्यांनीच सत्ता आल्यावर ती चालू ठेवली, असे मी म्हणतो ते याच कारणाने. ज्या सोलापुराने 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांचा अंमल झुगारून दिला, ज्या शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि ज्याचे चार सुपुत्र 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेले, त्या शहरातील माणसाने निःशस्त्र राहण्याचे समर्थन करावे, याचे मला मनापासून दुःख होते.

पायदळ निवृत्त

चार हुतात्म्यांची नावे या वादात ओढू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यामागे उभे राहिलेले सोलापूर गिरणी कामगारांचे आणि बाजारपेठेतील साध्या माणसांचे होते. त्यांच्या बळाचे माप शस्त्रांनी घेऊ नये.

मी हे शस्त्र हाताळलेले आहे, म्हणून त्याविषयी दोन गोष्टी सांगतो. अमेरिकी सैन्याचा व्हिएतनामच्या काळातला एम-79 हा लाँचर बारा बोअरच्या शिकारी बंदुकीसारखा मधून वाकवून एकेक गोळा भरण्याचा होता. पुढे रायफलीच्या नळीखाली बसणारा एम-203 आला. आपल्याकडे रायफलीखाली बसणारा लाँचर पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केला, आणि सहा गोळ्यांचा फिरत्या चक्राचा लाँचर तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात बनतो. पण लाँचर म्हणजे शेवटी नळी आणि घोडा. खरे शस्त्र तो गोळा आहे. एम-79 चा गोळा सेकंदाला सुमारे 76 मीटर इतक्या संथ वेगाने निघतो आणि साडेतीनशे-चारशे मीटरपर्यंत जातो. तो जेथे पडतो तेथे सुमारे पाच मीटरच्या परिघातला माणूस वाचणे कठीण. अमेरिकी सैन्याच्या पुस्तिकेत सरावासाठीसुद्धा लक्ष्य किमान 165 मीटर दूर ठेवायला सांगितले आहे. आपल्या वस्तीत, शेतात, मळ्यात एवढे मोकळे आणि निर्मनुष्य रान कोणाकडे आहे?

आणखी एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. नळीतल्या आट्यांमुळे गोळा गरगर फिरत जातो, आणि ठरावीक अंतर कापल्यावरच त्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, जागा होतो. तो जमिनीवर आपटूनही फुटला नाही, तर जागा झालेला फ्यूज तसाच राहतो. आम्ही त्याला ब्लाइंड म्हणतो. एका गोळीबार मैदानावर सराव संपल्यानंतर भंगार वेचायला आलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा मी पाहिला. त्याच्या पोत्यात रिकामी पुंगळी होती, तारेचे तुकडे होते, आणि त्यांच्यामध्ये फुलपात्राएवढा, टोकाला चपटा झालेला एक न फुटलेला गोळा होता. पोते खांद्यावरून आपटून खाली ठेवण्याची त्याची सवय मला दिसत होती. त्याला जागीच उभे राहायला सांगून, पोते हळूच त्याच्या हातून घेऊन आम्ही ते जमिनीवर टेकवले, सगळ्यांना लांब नेले आणि तो गोळा तेथेच उडवून दिला. नियम तोच आहे: ब्लाइंड हलवायचा नाही. लष्कराकडे यासाठी नोंद असते, माणसे असतात, निशाणीची लाल झेंडी असते. हौशी मालकाचा न फुटलेला गोळा उसाच्या फडात पडला, तर तो तोडणी कामगाराच्या कोयत्यालाच सापडेल.

गड्डा मैदान

मेजर, आपल्या सेवेबद्दल आदर आहे, पण आपला युक्तिवाद सोयीचा आहे. सरकारने आपल्याला शस्त्र दिले, शिकवले, विश्वास दाखवला. तोच विश्वास दुसऱ्या नागरिकावर दाखवू नये, असे आपण म्हणता. ब्लाइंड गोळ्याचा धोका खरा असेल, तर गोळ्यावर बंदी ठेवा. रिकामी नळी आणि खडूचे गोळे यांनी कोणाचे काय बिघडते?

पायदळ निवृत्त

सरकारने मला शस्त्र दिले नाही, ते माझ्या नावावर सहीने निघाले, रोज संध्याकाळी कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रकोठारात, जमा झाले आणि एक गोळा कमी भरला तर सगळी पलटण रात्रभर शोधत बसली. हा विश्वास नव्हता, हिशोब होता. तो हिशोब घरोघर कोण ठेवणार, एवढे सांगा, आणि मग मला सोयीचे म्हणा.

शिवार (उत्तर सोलापूर)

तुम्ही मोठमोठ्या शस्त्रांवर भांडता आहात, म्हणून राहवत नाही. माझ्याकडे वडिलांपासून चालत आलेली एकनळी बारा बोअर आहे, रीतसर परवान्याची, पिकाच्या राखणीसाठी. नान्नजच्या माळाकडून काळविटांचे कळप येतात, त्यांना तर हात लावता येत नाही आणि लावायचाही नाही. रानडुकरे मात्र एका रात्रीत मका भुईसपाट करतात. त्यांच्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी, परवान्याचे नूतनीकरण वेगळे, काडतुसांचा हिशोब वेगळा, हे सगळे आम्ही निमूटपणे करतो.

पण आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो की बंदूक आणून जमा करा. लोकसभेला जमा, विधानसभेला जमा, मग जिल्हा परिषद, मग ग्रामपंचायत. गेल्या खेपेला बंदूक परत घेतली, तेव्हा ती खोलीच्या कोपऱ्यात ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती. नळीत डोळा लावून पाहिले, तर आतून तांबूस पापुद्रे सुटलेले; घोड्याच्या खाचेत कोळ्याचे जाळे; दस्त्यावर कोणीतरी खिळ्याने क्रमांक कोरलेला. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तिला तेल घातले होते. आणि जमा करून घेतली त्याच पंधरवड्यात डुकरांनी माझा मका खाल्ला. ग्रेनेडचे काय ते तुम्ही ठरवा. मला माझी एकनळी माझ्या घरी हवी आहे.

गड्डा मैदान

हेच मी सांगत होतो! ज्याच्याकडे कायदेशीर बंदूक आहे, त्यालाच हे राज्य संशयित ठरवते. चोरीचे पिस्तूल बाळगणारा कधी ठाण्यात जमा करायला जातो का? 2019 मध्ये परवान्यावरच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात तर एकच ठेवली होती. पायरी-पायरीने सगळेच काढून घेतील.

कोर्टाची पायरी

शिवार अण्णा, आपल्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. निवडणुकीच्या काळात सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्येच स्पष्ट केले आहे. छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाची परिस्थिती पाहायची असते: जामिनावर सुटलेला आहे का, पूर्वी गुन्हा आहे का, दंगलीत नाव आहे का. तसे काही नसेल, तर आपण समितीकडे लेखी हरकत घेऊ शकता. बहुतेक ठिकाणी लोक निरोप आला की बंदूक नेऊन देतात, म्हणून ही पद्धत टिकून राहिली आहे.

'गड्डा मैदान' यांच्या रिकाम्या नळीबद्दल सांगायचे, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये सूट आहे. पण ती कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या आणि दुरुस्त करूनही चालवता येणार नाहीत अशा शस्त्रांपुरती. अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागार आपण सर्वांनी पाहिले आहे. आजच्या कारखान्यातील चालू स्थितीतील लाँचर भिंतीवर टांगून त्याला संग्रह म्हणणारा माणूस न्यायाधीशांसमोर टिकणार नाही. परवान्यावरच्या बंदुकांची मर्यादा कमी करण्याला माझाही विरोध होता. पण त्या रागापोटी स्फोटक शस्त्राचा हक्क मागणे, हे शिवार अण्णांच्या खऱ्या तक्रारीचे नुकसान करते. गृहखात्याला अशा मागण्या दाखवून प्रत्येक परवाना आवळणे फार सोपे जाते.

होटगी रस्ता

धागा ग्रेनेड लाँचरचा होता आणि तो आचारसंहितेवर गेला, याबद्दल मी सकाळी वैतागलो होतो. वकीलसाहेबांचे शेवटचे वाक्य वाचल्यावर मात्र हे दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात, असे दिसते. एकनळीवर होणारा अन्याय मला मान्य आहे. त्यावर उपाय म्हणजे एकनळीचे नियम नीट पाळले जाणे. अमेरिकेचा दाखला तेथे उपयोगाचा नाही, कारण तेथील नागरिकाच्या घटनेतच शस्त्राचा हक्क लिहिलेला आहे आणि तरीसुद्धा त्यांनी ग्रेनेडला वेगळ्या रकान्यात ठेवले आहे.

गड्डा मैदान

वेगळ्या रकान्यात ठेवले, बंदी घातली नाही. हा फरक आपण दरवेळी गाळता. स्फोटक गोळा नागरिकाकडे नसावा, एवढे मेजरांच्या सांगण्यावरून मी मान्य करतो, तेही नाइलाजाने. सरावाच्या गोळ्यांसह नळी बाळगण्यासाठी नोंदणीचा मार्ग असावा, हे माझे म्हणणे कायम आहे, आणि कराचीच्या ठरावाला अद्याप येथे कोणीही उत्तर दिलेले नाही.

पायदळ निवृत्त

कराचीच्या ठरावात 'नियमांच्या अधीन राहून' हे आपणच लिहिलेत. ज्या वर्षी तो ठराव झाला, त्या वर्षी खेड्यातील माणूस तलवार आणि ठासणीची बंदूक मागत होता. त्या मागणीत आज शिवार अण्णा बसतात. आपण बसत नाही.

शिवार (उत्तर सोलापूर)

वकीलसाहेब, हरकत अर्ज आचारसंहिता लागण्याआधी द्यायचा की निरोप आल्यावर? आणि नळीला लागलेल्या गंजाची भरपाई मागता येते का? जमा केल्याची पावती माझ्याकडे आहे, पण तिच्यावर बंदुकीची स्थिती लिहिलेली नाही.

कोर्टाची पायरी

निरोप येताच द्या आणि पोच घ्या. भरपाईचा मार्ग लांबचा आहे, म्हणून पुढच्या वेळी बंदूक देतानाच नळीची आणि घोड्याची छायाचित्रे काढा, आणि पावतीवर 'चालू स्थितीत, गंजविरहित' असे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.