मदत हवी आहे: टाळेबंदीतील खरेदी, सुख आणि अपराधभाव

कोल्हापुरातील महाद्वार रोड व राजारामपुरी परिसरातील ग्राहकांच्या मुलाखतींवर मी एक निबंध लिहीत आहे. २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि ४ मेपासून कमी संसर्गाच्या, म्हणजे हरित व नारिंगी, क्षेत्रांत चैनीच्या वस्तूही ऑनलाइन मागवता येऊ लागल्या. त्या काळात घरी बसून नवे कपडे, दागिने मागवणाऱ्यांना, एकीकडे पायी गावी निघालेल्या मजुरांची छायाचित्रे पाहताना, नेमके काय वाटत होते, हा माझा विषय आहे.

थेट विचारले की बहुतेक जण "गरजच होती" एवढेच सांगतात. जुन्या ऑर्डरींची यादी समोर ठेवून विचारले, तर हसून विषय बदलतात. फ्रेंच विचारवंत गी दबोर यांनी १९६७ मध्ये मांडलेली प्रतिमाप्रधान समाजाची (प्रत्यक्ष जगण्याची जागा प्रतिमा घेतात, अशा समाजाची) संकल्पना वाचली आहे, पण ती ग्राहकांशी बोलताना उपयोगी पडत नाही. (पडावी, अशी अपेक्षाही नसावी.)

नावे मी छापणार नाही, आणि छापील प्रश्नावली नको आहे, कारण ती पाहताच माणसे सावध होतात. खरेदीची मनापासून वाटलेली टोचणी आणि लोक काय म्हणतील ही भीती उत्तरांतून वेगवेगळी ओळखता यावी, यासाठी साध्या मराठीत कोणते प्रश्न, कोणत्या क्रमाने विचारावेत?