फुटबॉलच्या साइटसाठी डेडिकेटेड सर्व्हर घ्यायचाय, हार्डवेअर आणि बँडविड्थ किती धरू?

पेठेतला_गोलकीपर

नमस्कार मंडळी. आम्ही काही पोरं मिळून कोल्हापूरच्या फुटबॉलची साइट चालवतो, शाहू स्टेडियमवरच्या मॅचचा लाइव्ह स्कोअर, फोटो, खेळाडूंची माहिती, जुन्या सीझनचे निकाल, सगळं वर्डप्रेसवर. आत्तापर्यंत शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) भागलं पण आता पाटाकडील विरुद्ध शिवाजी असली मॅच असली की हाफटाइमला साइट ५०८ एरर दाखवायला लागते, रिसोर्स लिमिट संपलं म्हणून. पुण्याला, दुबईला कामाला गेलेल्या पोरांना स्टेडियमवर येता येत नाही, त्यांच्यासाठीच तर साइट काढली, मग नेमकी मॅचच्या वेळी बंद पडून कसं चालेल.

दोन कोटेशन आलीत. पहिलं, दोन झिऑन ई५-२६२० व्ही२ प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, २ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, १०० एमबीपीएस अनलिमिटेड. दुसरं, एकच झिऑन ई-२३३६, ३२ जीबी ईसीसी रॅम, ९६० जीबीच्या दोन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी डिस्क), १ जीबीपीएस पोर्ट पण महिन्याला १० टीबीची मर्यादा, आणि थोडं महाग. पहिल्यात सगळंच दुप्पट दिसतंय म्हणून ग्रुपमधले सगळे म्हणतात तेच घे. मोठ्या मॅचला एका वेळी ५ हजार लोक असतात, होमपेज फोटोंमुळं अडीच एमबीचं झालंय, फोटोंचा जुना साठा ५०० जीबीच्या वर आहे, आणि गोलचे हायलाइट्सपण आपल्याच सर्व्हरवर ठेवायचा विचार आहे. पैसे वर्गणीचे आहेत त्यामुळं चुकायला नको, सांगा काय करू.

उद्यमनगर_सिसॅडमिन

भावा दुसरंच घे, आणि का ते सांगतो म्हणजे ग्रुपला पण पटवता येईल.

ई५-२६२० व्ही२ हा २०१३ चा प्रोसेसर. दोन मिळून १२ कोअर होतात खरं, पण टर्बोला, म्हणजे जास्तीत जास्त वेगाला, जाऊन २.६ गिगाहर्ट्झ. वर्डप्रेसचं एक पान बनवायचं काम एकाच कोअरवर चालतं, बाकीचे ११ त्याला मदत करत नाहीत. ई-२३३६ ला कोअर ६ च पण टर्बो ४.८ पर्यंत जातो आणि आर्किटेक्चर पण कितीतरी नवं, त्यामुळं तेच पान निम्म्याहून कमी वेळात तयार होतं. डिस्कचं तर विचारूच नको, ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला शंभरच्या आसपास रँडम रीड देते, एनव्हीएमई लाखांत देते. मॅचच्या वेळी डेटाबेस अडकतो तो इथं.

रॅम ३२ पुरते. पीएचपीचा एक वर्कर (एका वेळी एक पान बनवणारा प्रोग्रॅम) ८० एमबी धरला तर १०० वर्करला ८ जीबी, मायएसक्यूएल डेटाबेसच्या बफर पूलला (डेटा रॅममध्ये धरायची जागा) ८ दे, उरलेली लिनक्स फाइल कॅशेला वापरतं, ती पण वाया जात नाही.

आता बँडविड्थ, इथंच सगळे फसतात. महिन्याचे टीबी म्हणजे सीझनभरात स्टेडियमवर किती माणूस आलं, आणि पोर्ट म्हणजे गेट किती रुंद आहे. तुझा प्रॉब्लेम गेटचा आहे. ५ हजार लोक गोल झाल्याचं कळून ५ मिनिटांत साइटवर आले आणि प्रत्येकानं अडीच एमबी ओढलं तर १२.५ जीबी, भागिले ३०० सेकंद, म्हणजे जवळपास ३३० एमबीपीएस. १०० च्या पोर्टवर हे बसतच नाही, अनलिमिटेड असो नाहीतर काही असो. १०० एमबीपीएस महिनाभर रात्रंदिवस फुल चाललं तर ३२ टीबी होतात, त्या अनलिमिटेडला तेवढीच मर्यादा. तुझे मॅचच्या दिवशी २० हजार व्हिजिट धरले तरी ५० जीबी, असे २५ दिवस म्हणजे सव्वा टीबी. १० टीबीला धक्कापण लागत नाही.

हायलाइट्स मात्र स्वतःच्या सर्व्हरवर ठेवू नको. ४ एमबीपीएसचा व्हिडिओ हजार जणांनी एकदम लावला की ४ जीबीपीएस झाले. यूट्यूबवर टाक आणि साइटवर एम्बेड कर.

इचलकरंजीकर

माझं जरा वेगळं मत. एवढा खर्च कशाला, पेठेत कुणाच्या तरी ऑफिसात फायबर असेलच, चांगलं मशीन असेंबल करून इन्व्हर्टरवर ठेवा, नाहीतर जर्मनीत सर्व्हर घ्या, तिकडं बँडविड्थ आपल्यापेक्षा लई स्वस्त पडते.

पुण्यात_पण_कोल्हापूरचा

ऑफिसचं नको दादा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, २०२१ च्या जुलैमध्ये परत तेच, अशा वेळी लाइट गेली तर इन्व्हर्टर किती तास पुरणार आणि जनरेटरला डिझेल कुठनं आणणार. शिवाय घरगुती फायबरला स्टॅटिक आयपी वेगळा घ्यावा लागतो.

जर्मनी स्वस्त आहे हे खरंय. पण तिथनं इकडं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) १२०-१५० मिलिसेकंद येतो, मुंबईचा वीसच्या आतबाहेर. पान उघडताना सर्व्हरशी तीन-चार येरझाऱ्या होतात, त्यामुळं मोबाइलवर फरक हाताला जाणवतो. प्रेक्षक बहुतेक इथलेच, तर मुंबई नाहीतर नवी मुंबईतलं डेटा सेंटर बघा.

अजून एक. कुणी ९५ पर्सेंटाइल बिलिंग सांगितलं तर आधी हिशोब करा. दर ५ मिनिटांनी वापर मोजतात आणि महिन्यातले वरचे ५ टक्के आकडे सोडून देतात, म्हणजे ३० दिवसांत ३६ तास फुकट. ऐकायला झकास, पण सीझनमध्ये २५ दिवस रोज दोन मॅचचे तीन तास धरले तर ७५ तास होतात, मग तुमचा पीकच बिलात येणार. तुम्हाला ठरावीक टीबीचाच प्लॅन बरा. कंपनीला विचारा की १ जीबीपीएस पोर्ट एकट्याचा की शेअर्ड, १० टीबी संपल्यावर स्पीड कमी करतात का पैसे लावतात, डिस्क गेली तर किती तासांत बदलतात, आणि आयपीएमआय (लांबून सर्व्हरचा ताबा घ्यायची सोय) मिळतं का. शेवटचं महत्त्वाचं, फायरवॉलचा नियम चुकून स्वतःलाच बाहेर ठेवलं तर मुंबईपर्यंत पळावं लागत नाही. आणि दरात १८ टक्के जीएसटी धरलाय का ते पण बघा.

पेठेतला_गोलकीपर

लई भारी माहिती, सगळ्यांचे आभार. ग्रुपला हिशोब दाखवला, पटलं सगळ्यांना, दुसरंच घेणार. आता दोन शंका. लाइव्ह स्कोअरचं पान दर १० सेकंदांनी आपोआप रिफ्रेश होतं, ते ६ कोअरला झेपेल का? आणि दोन डिस्क रेड १ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा) लावल्या तर वेगळा बॅकअप लागतो का?

उद्यमनगर_सिसॅडमिन

५ हजार लोक दर १० सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५०० रिक्वेस्ट. प्रत्येक वेळी वर्डप्रेस चालवलं तर ६ काय ६० कोअर पण कमी पडतील. पूर्ण पान रिफ्रेश करणं बंद कर, स्कोअरची एक छोटी जेसन (नुसत्या डेटाची) फाइल ठेव आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये तिला ५ सेकंदांचा कॅशे (तयार प्रत) लाव. मग पीएचपी ५ सेकंदांत एकदा चालतं आणि बाकीच्यांना तयार उत्तर जातं. २ केबीची फाइल असली तर ५०० रिक्वेस्टला ८ एमबीपीएस, पोर्टला कळणार पण नाही. होमपेजचे फोटो वेबपी (कमी साइजचा फॉरमॅट) करून पान ६०० केबीवर आण, वरचे ३३० चे ८० एमबीपीएस होतात. फोटो क्लाउडफ्लेअरमागं (जवळच्या नोडवर प्रत ठेवून देणारी सेवा) ठेवलेस तर त्यातलंही बरंच त्यांच्या मुंबईच्या नोडवरनंच जाईल.

बॅकअप लागतोच. रेड १ फक्त डिस्क मेली तर वाचवतं, कुणी चुकून फोल्डर उडवला तर दोन्हीकडनं उडतो. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) रोज रात्री दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर पाठव, फोटो फक्त नवे-नवे जाऊ देत, आणि एकदा तो डंप दुसऱ्या मशीनवर उतरवून साइट उभी राहते का ते बघ. लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवायचे, २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेशात ते आहे, त्यासाठी डिस्कवर जागा सोड.

पहिला महिना मंथलीवरच घे, वर्षाचे पैसे लगेच भरू नको. व्हीएनस्टॅट (बँडविड्थचा वापर मोजणारं टूल) टाकून ठेव आणि मोठी मॅच झाली की त्या संध्याकाळचा आकडा इथं टाक, बघू पोर्ट किती भरतोय.