मदत हवी आहे: विमानांच्या रूटवरून पृथ्वी सपाट नाही हे दाजींना कसं पटवू?

नमस्कार मंडळी, विषय येडछाप वाटेल पण घरात खरंच पेटलंय. आमचे दाजी युट्यूब बघून बघून पृथ्वी सपाट आहे या मतावर आलेत. मी पहिल्याच दिवशी स्टाइलमध्ये म्हटलं, अहो दाजी, भूगोल शब्दातच गोल आहे, तर म्हणे गोल आहेच की, ताट पण गोलच असतं! सगळे हसले, माझी विकेट गेली.

मग मी विमान काढलं. ताई-दाजी मागे मुंबईहून नेवार्कला गेलेले, म्हटलं भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेष अरबस्तान, उत्तर आफ्रिका करत जाते, मग तुमचं विमान स्क्रीनवर वर आइसलंडकडे का चढलं? ग्लोबवर दोरा ताणून दाखवला, बरोब्बर तिकडूनच जातो. दाजींनी शांतपणे मोबाइलवर उत्तर ध्रुव मधोमध असलेला तो गोल नकाशा काढला (युनोच्या झेंड्यावर असतो तसा) आणि सरळ रेष ओढली, ती पण वर ग्रीनलंडच्या बाजूनेच गेली!! वर २०१५ ची ती फ्लाइट, लॉस एंजेलिसला जाताना बाई बाळंत झाली आणि विमान अलास्कात उतरवलं, म्हणे बालीहून अमेरिकेला जाताना अलास्का वाटेत येतंच कसं, सपाट नकाशावर येतं. मी गप्प. भाची आठवीत आहे, ती आता दाजींच्या बाजूला झुकलीये म्हणून जास्त टेन्शन. नक्की चुकतंय कुठे माझं?

प्रतिसाद:
तुम्ही रूटच चुकीचा निवडलात. त्या नकाशात ध्रुवापासूनची अंतरं बरोबर असतात, आडवी (पूर्व-पश्चिम) अंतरं दक्षिणेकडे जाल तशी फाटत जातात. मुंबई-नेवार्क खरं साधारण १२,५०० किमी, दाजींच्या नकाशावर १२,८०० च्या आसपास, म्हणजे उत्तरेत भांडण मिटणारच नाही. सिडनी ते चिलीतलं सँटियागो घ्या. ग्लोबवर ११,३०० किमी, सपाट नकाशावर साडेपंचवीस हजार! विमान पोचतं साडेबारा तासांच्या आसपास, म्हणजे दाजींच्या हिशोबाने ताशी २,००० किमी, अहो तो कॉनकॉर्डचा (आवाजापेक्षा वेगाने जाणारं प्रवासी विमान) वेग झाला आणि कॉनकॉर्ड २००३ मध्येच बंद पडलं. ही साधी बोइंग ७८७ असते, ताशी ९०० वाली.
आणि बाळंतपणवालं विमान लॉस एंजेलिसला निघालं होतं तैवानच्या तैपेईहून, बालीहून नाही. तैपेई-लॉस एंजेलिस दोरा ताणा, अलास्काच्या खालून जातो, त्या पट्ट्यात इमर्जन्सीला अलास्कातलं अँकरेजच जवळ.

धागाकर्ता:
हे भारीये! पण दाजी आत्ताच म्हणाले दक्षिणेतल्या फ्लाइट खोट्याच असतात, "तू बसलायस का कधी त्यात?"

दुसरा प्रतिसाद:
मी बसलोय, सिडनीतच असतो. दुपारी निघालो आणि तारीखरेषेमुळे घड्याळात निघायच्या आधीच पोचलो, त्याच दिवशी. खिडकीतून निव्वळ पाणी, जमीन एकदम शेवटी. दाजींच्या रेषेवर ओरेगॉनपासून टेक्सासपर्यंत अख्खी अमेरिका खालून जायला पाहिजे होती, ती काय माझ्या झोपेत गेली? तिकीट कोणालाही मिळतं, लाटाम ही चिलीची विमान कंपनी पण नेते, आणि ज्याला खर्च नको त्याने फ्लाइटरडारवर (उडती विमानं नकाशावर दाखवणारी साइट) एक दिवस लक्ष ठेवावं.

धागाकर्ता:
दोन्ही रूटचं गणित भाचीलाच करायला दिलं, दोरा आणि पट्टी घेऊन बसली तासभर. दाजी नुसते बघत होते. आता तिचाच प्रश्न आलाय, सँटियागोहून परत येताना जास्त तास का दाखवतात, अंतर तर तेवढंच ना?

पहिला प्रतिसादक:
वारा. त्या भागात वरचा वारा पश्चिमेकडून जोरात असतो, जाताना ढकलतो, येताना तोंडावर. ग्लोबवरही तेच आणि ताटावरही तेच, दाजींना यात काही फायदा नाही :)