नुकसान भागिले जीडीपी = देश किती नाजूक? चालतं का असं?

गणित_कच्चं:
नमस्कार मंडळी, कुठला देश किती व्हल्नरेबल, म्हणजे फटका बसायच्या दृष्टीने किती असुरक्षित, याची यादी करायचीये प्रोजेक्टसाठी. सोपी आयडिया केली, आपत्तीत झालेलं नुकसान भागिले त्या देशाचा जीडीपी गुणिले १००. पण उत्तरं बघून डोकं गरगरतंय. २०१७ च्या मारिया वादळात कॅरिबियनमधल्या डॉमिनिका या छोट्या बेटाचं नुकसान जीडीपीच्या २२६ टक्के, आणि २०११ ला जपानमध्ये एवढा मोठा भूकंप, वर त्सुनामी, तरी आकडा जेमतेम ३-४ टक्के. सर म्हणाले मग जपान सेफ का रे? मला काही बोलताच येईना. आणि मुळात १०० च्या वर टक्के जातातच कसे, जेवढं होतं त्याच्या दुप्पट कसं बुडेल??

ताळेबंद:
शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, खरी गोम तिथेच आहे. जीडीपी म्हणजे देशाची मालमत्ता नव्हे, वर्षभरात जे नवीन तयार झालं त्याची किंमत. ज्याचा वर्षाचा पगार १० त्याचं २५ चं घर जळालं तर २५० टक्के होणारच की, त्यात चमत्कार काही नाही. डॉमिनिकाच्या १.३ अब्ज डॉलर नुकसानीमध्ये साधारण ९३ कोटी डॉलर घरं, रस्ते, पूल असल्या उभ्या गोष्टींचे आहेत, बाकीचं बुडालेलं उत्पन्न. हे दोन्ही वेगळे धरा. पडलेलं परत बांधायला घेतलं की तो खर्च पुन्हा जीडीपीतच जमा होतो, म्हणजे वादळानंतर जीडीपी वाढलेला दिसला तरी हुरळून जायचं नाही.

उंटावरचा_शहाणा:
अंशाचं झालं, आता छेदाकडे पण बघा जरा 😀 नायजेरियाने २०१४ ला जीडीपीचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि रचना धरून मोजतात ते) १९९० वरून २०१० वर आणलं, टेलिकॉम, सिनेमा वगैरे नीट मोजायला घेतले आणि २०१३ चा जीडीपी बसल्या जागी ८९ टक्क्यांनी फुगला. तुमच्या हिशोबात १०० येत असतील तर ते एका रात्रीत ५३ वर. एक बंधारा न बांधता देश निम्म्याने मजबूत झाला म्हणायचं का मग?

किनाऱ्यावरून:
वरचे दोन्ही मुद्दे बरोबर, पण मला वाटतं गफलत त्याच्याही आधीची आहे. तू मोजतोयस ते झालेलं नुकसान, आणि व्हल्नरेबिलिटी ही फटका बसायच्या आधीची गोष्ट. निर्यात एकदोन वस्तूंवरच उभी आहे का, इंधन आणि धान्य बाहेरून येतं का, किती लोक सखल किनाऱ्यावर राहतात, हे बघायला लागतं.

मालदीवचं उदाहरण बघ. गरीब देशांच्या, म्हणजे एलडीसीच्या यादीतून बाहेर पडायला संयुक्त राष्ट्रांचे तीन निकष असतात, उत्पन्न, मनुष्यबळ आणि आर्थिक असुरक्षितता, त्यातले दोन पास झाले की पुरतं. मालदीव पहिल्या दोनांत पास, तिसऱ्यात नापास. तरी २० डिसेंबर २००४ ला आमसभेने बाहेर काढायचं ठरवलं आणि सहाव्या दिवशी त्सुनामी. नुकसान जीडीपीच्या ६२ टक्के. मग मुदत लांबवत लांबवत प्रत्यक्ष बाहेर पडले ते १ जानेवारी २०११ ला. ज्या विषयात नापास नेमका त्याचाच पेपर आला.

उलट सिंगापूर. व्यापारावर अतोनात अवलंबून, सगळं बाहेरून येणार, असुरक्षिततेच्या निर्देशांकात कमजोर, आणि तरी श्रीमंत. माल्टाचे अर्थतज्ज्ञ लिनो ब्रिगुलियो याला सिंगापूर पॅरॅडॉक्सच (विरोधाभास) म्हणतात, त्यांचं म्हणणं फटका बसायची शक्यता आणि सावरायची ताकद हे दोन आकडे निरनिराळे मोजा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमसभेने जो असुरक्षिततेचा बहुआयामी निर्देशांक पुढे आणला, एमव्हीआय, त्यातही हेच दोन भाग आहेत.

गणित_कच्चं:
बाप रे, म्हणजे यादीच रद्द करतो. ग्राफ काढतो, आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्न, उभ्यावर असुरक्षिततेचा स्कोअर, म्हणजे सिंगापूर एका कोपऱ्यात एकटं पडलेलं दिसेल. २२६ टक्के फक्त फटका किती मोठा होता हे सांगायला वापरतो, चालेल ना?

ताळेबंद:
चालेल. फक्त तिथे जीडीपी नॉमिनल, म्हणजे बाजारातल्या विनिमय दराने डॉलरमध्ये, घेतलाय हे खाली लिही. नुकसान साध्या डॉलरमध्ये आणि छेद पीपीपीमध्ये (देशातली स्वस्ताई-महागाई धरून बदललेल्या डॉलरमध्ये) अशी खिचडी झाली की गरीब देशाचा आकडा उगाच कमी दिसतो, आणि सर नेमकं तेच पकडणार.