स्त्रीबीज दात्रीचा एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ३.३ टक्के आलाय, पुढे जायचं का?

मिरजेचा_भाऊ: बहिणीचं आयव्हीएफ सांगलीत चालू आहे. बँकेने स्त्रीबीज दात्रीचे रिपोर्ट नाव झाकून दिलेत. हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ७२, एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) एचबीए२ ३.३ टक्के, खाली शेरा 'नॉर्मल'. म्हणजे थॅलेसेमियाची (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) शंका मिटली ना?

कराड_लॅब: नाही मिटली. एचबीए२ ३.५ च्या वर गेला की बीटा थॅलेसेमियाची वाहक (स्वतः आजारी नाही, पण सदोष जीन मुलांकडे जाऊ शकतो) धरतात, पण लोह कमी असलं की हाच आकडा खाली येतो. ९.८ हिमोग्लोबिन आणि ७२ एमसीव्हीवर नुसतं 'नॉर्मल' लिहिणं म्हणजे घाईच. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) मागा. कमी आलं तर लोहाच्या गोळ्या आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एचपीएलसी. थांबायला वेळ नसेल तर थेट एचबीबी जीनची (बीटा थॅलेसेमियाचा दोष यातच असतो) तपासणी. तीन महिन्यांत रक्त चढवलंय का हेही विचारा. चढवलं असेल तर रिपोर्टमध्ये दुसऱ्याचं रक्तही मोजलं जातं.

जीन_सल्ला: त्याआधी दाजींचं सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) आणि एचपीएलसी करून घ्या, स्वस्तात काम होतं. त्यांचं खरोखर नॉर्मल असेल तर दात्री वाहक निघाली तरी बाळ फार तर वाहक होईल. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला २५ टक्के धोका. एकाकडे सिकलसेल आणि दुसऱ्याकडे बीटा थॅलेसेमिया, तरीही बाळाला आजार होतो. म्हणून फक्त एचबीए२ बघून कागद मिटू नका.

मिरजेचा_भाऊ: दाजींचं चांगलं आलं तर दात्रीच्या बाकीच्या जनुकीय आजारांचं पॅनेल कशाला?

जीन_सल्ला: फ्रॅजाइल एक्स (बौद्धिक वाढ अडवणारा जनुकीय आजार) आईकडून येतो, तिथे दाजींचा रिपोर्ट कामाचा नाही. त्यात सीजीजी हा डीएनएचा तीन अक्षरी तुकडा किती वेळा आलाय ते मोजतात: ५५ ते २०० म्हणजे प्रीम्युटेशन (पूर्ण दोषाच्या आधीची पायरी). नेहमीच्या एनजीएस (एकदम अनेक जीन वाचणाऱ्या) पॅनेलमध्ये हे नीट मोजलं जात नाही, वेगळं सांगावं लागतं. एसएमएमध्ये (स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार) जीनच्या दोन्ही प्रती एकाच गुणसूत्रावर असल्या तर वाहकही नॉर्मल दिसते, त्यामुळे धोका शून्य झाला असं कुणी लिहून देणार नाही. मायटोकॉन्ड्रियाही (पेशीत ऊर्जा बनवणारे भाग) दात्रीचेच येतात, तेव्हा तिच्या आईकडच्या आजारांची चौकशी हवी. आपल्याकडे मामाची मुलगी करतात. दात्री दाजींच्या नात्यातली नाही ना, हे बँकेकडूनच तपासून घ्या, तुम्हाला तिचं नाव कळणार नाही.

कराड_लॅब: कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) सांगितला असेल तर हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी. जांभळी ईडीटीएची नळी एचपीएलसी आणि डीएनएसाठी. कॅरिओटाइपला पेशी जिवंत लागतात, नमुना गोठवायचा नाही आणि उन्हात गाडीतही ठेवायचा नाही.

जीन_सल्ला: सगळं दात्रीची बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू व्हायच्या आत. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन) कायद्याने दात्रीला आयुष्यात एकदाच बीजं देता येतात, तीही जास्तीत जास्त ७. मधेच रिपोर्ट फिरला तर तिची ती एकच संधी वाया जाते. ती वाहक निघाली तर ते तिलाही सांगायला लावा, तिच्या मुलांचा प्रश्न आहे.