चोचले कसले?
वर कोणीतरी म्हटलंय की अंगावर लावायचे सेन्सर म्हणजे पावलं मोजायचे श्रीमंती चोचले. घड्याळांबद्दल असेलही, पण अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रा. जॉन रॉजर्सचं काम बघा एकदा. माणूस मटेरियल्सवाला (म्हणजे पदार्थविज्ञानातला, वेगवेगळ्या सामग्रीवर काम करणारा), आणि २०१९ मध्ये त्यांच्या टीमने एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळांसाठी काय केलं तर मऊ सिलिकॉनचे दोन पातळ पॅच, एक छातीवर, एक पायाला, वायर नाही, बॅटरीसुद्धा नाही, पॉवर गादीखालच्या अँटेनातून! छातीवरचा ईसीजी घेतो, पायाचा ऑक्सिजन बघतो, आणि दोघांचं टायमिंग जुळवलेलं असल्याने ठोका छातीपासून पायापर्यंत पोचायला किती वेळ लागला त्यावरून बीपीचा अंदाज. हे डोकं मला जाम आवडलं.

माझी भाची सातव्या महिन्यातच झाली, तिच्या अंगावरच्या वायरवाल्या सेन्सरची चिकटपट्टी बदलताना कातडी अशी लाल व्हायची की बघवत नसे (इतक्या लवकर झालेल्या बाळाची कातडी कागदासारखीच असते), आणि ताईला तिला जरा छातीशी धरायचं म्हटलं तरी नर्सबाई आधी पाच मिनिटं वायरींचा गुंता सोडवणार. आपल्याकडे हे पॅच परवडतील का, हा प्रश्न मात्र रास्त, तो विचारा की.